लाइट चालू, आवाज बंद

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली, की आमच्या जळगाव-भुसावळकडे लग्नाच्या मोठ्या तिथी सुरू होतात आणि माझा फोन गरम व्हायला लागतो. कोणी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारा असतो, कोणी बँडच्या गाडीवर बेंजो वाजवणारा, कोणी भजनी मंडळातला की-बोर्डवाला. वाक्य मात्र सगळ्यांचं एकच: "मॅडम, लाइट लागतोय, पण आवाजच नाही."

मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक मेकॅनिक हा ट्रेड शिकवते. धाकटा भाऊ ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. त्यामुळे आमच्या मागच्या ओट्यावर कोणाचा ना कोणाचा ॲम्प, म्हणजे वाद्याचा आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर, उताणा पडलेलाच असतो, आणि आई त्याला वळसा घालून पापड वाळत घालते. तिचं म्हणणं, यातले निम्मे लोक बिघाडापेक्षा तिच्या हातच्या शेवभाजीसाठी येतात. असेलही. पण त्याच त्याच गोष्टी फोनवर सांगून मी कंटाळले आहे, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

फोनवर मी आधी मॉडेल विचारत नाही. "आवाज नाही म्हणजे नेमकं काय नाही?" हे विचारते. गिटार ऐकू येत नाही, की स्पीकर पार मुका आहे? गिटार काढून ठेवा, व्हॉल्यूम वाढवा आणि स्पीकरजवळ कान न्या. बारीक 'सऽऽ' ऐकू येतं का? ॲम्प चालू करताना 'ठप्प' होतं का? हलका 'सऽऽ' येत असेल, तर स्पीकर जिवंत आहे आणि त्याला चालवणारा पॉवरचा भागही जिवंत आहे. गेन किंवा व्हॉल्यूमचा नॉब फिरवल्यावर तो 'सऽऽ' कमी-जास्त होत असेल, तर त्या नॉबपासून पुढचा सगळा रस्ता ठीक आहे आणि चोर त्याच्या अलीकडे बसलाय: केबल, गिटार किंवा इनपुटचा जॅक. कान लावूनही काहीच नाही, चालू-बंद करतानाही काही नाही, तर मग स्पीकर, त्याच्या तारा, आउटपुटचा आयसी (स्पीकरला चालवणारी चिप) किंवा त्याचा सप्लाय. एक स्क्रू न काढता, फोनवरच, अर्धा ॲम्प बाजूला काढता येतो.

हे मला माझ्या इलेक्ट्रॉनिक्सच्या पुस्तकाने नंतर शिकवलं, वडिलांनी आधी. केळीच्या बागेत शेवटच्या ओळीला ठिबकचं पाणी पोचलं नाही, तर ते विहिरीतली मोटर वर काढत नसत. अर्ध्यावरच्या व्हॉल्व्हपाशी जाऊन बघायचे: इथपर्यंत पाणी आलंय का? आलं असेल तर मागचं सगळं विसरायचं. ॲम्पमध्येही सिग्नल एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो, आणि मधोमध जाऊन बघायची सोय बऱ्याच ॲम्पना कंपनीनेच मागच्या बाजूला करून दिलेली असते. तिचं नाव इफेक्ट्स लूप, आवाजाला इफेक्ट देणारी पेडल मधोमध जोडायची जागा. दोन भोकं, एकावर 'सेंड' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'रिटर्न'. आमच्याकडच्या दहांतले नऊ वादक त्यांना कधी हातही लावत नाहीत. आणि गंमत अशी, की आवाज तिथेच अडतो.

गेल्या वैशाखात यावलच्या बाजूला एक हळद होती. भाऊ स्टेजवर. ऐन अहिराणी गाण्याच्या रंगात, अंगणभर पोरं नाचत असताना, गिटार गायब. ढोलक चालू, पॅड चालू, की-बोर्ड चालू. मागून ऑर्केस्ट्राचे मालक ओरडले, "काय व्हयनं रे? गिटार कोठे गयी?" भावाने केबल बदलली. पायाशी असलेले पेडल बाजूला सारून गिटार थेट ॲम्पमध्ये लावली. मग दुसरी गिटार लावून पाहिली. काही नाही. शेवटी गिटारची पिन सरळ साउंडवाल्याच्या मिक्सरमध्ये खोचून रात्र काढली. आवाज कोरडा होता, पण हळदीत कोणाला त्याचं काय.

त्याने केलं ते बरोबर क्रमाने केलं, हे मला त्याच्यासमोर कबूल करायचं नव्हतं. केबल हा नेहमीच पहिला संशयित. गिटारच्या जाड पिनच्या (बाजारात तिला पी-३८ म्हणतात) टोपणाखाली तार सतत वाकते आणि तुटते ती बाहेरून दिसत नाही. मल्टीमीटर बझरवर ठेवून (तार सलग असली की तो वाजतो), केबल हलवत हलवत तपासायची. नुसती टेबलावर सरळ ठेवून तपासली तर तुटलेली केबलही पास होते. मीटर नसेल, तर ॲम्पमध्ये केबल लावा आणि मोकळ्या टोकाच्या पिनच्या शेंड्याला बोट लावा. 'भुंऽऽ' असा घुमा आवाज आला, तर केबल आणि ॲम्प दोन्ही चालू आहेत, गिटार बघा. तो घुमा आवाज म्हणजे घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झ, आपल्या शरीराने पकडलेली. गिटारमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असेल, म्हणजे तारांची कंपनं पकडणारा ॲक्टिव्ह पिकअप किंवा ॲकॉस्टिक गिटारातला प्रीॲम्प असेल, तर तीच आधी बदला. अशा गिटारात पिन खोचली की बॅटरी चालू होते, काढली की बंद. पिन रात्रभर खोचलेली राहिली, की बॅटरी सकाळपर्यंत गिटार न वाजवताच खर्च होत असते.

असो. दुसऱ्या दिवशी ॲम्प माझ्याकडे येण्याआधी बाजारात एका दुकानात जाऊन आला होता. तिथे निदान झालं होतं: "आयसी उडाला, अठराशे लागतील." ॲम्प उघडलेलाही नव्हता. मागच्या स्क्रूंवरचा धुळीचा थर जशाचा तसा होता. आयसी उडाला हे आमच्या भागातलं सार्वत्रिक निदान आहे, तापाला जशी पॅरासिटामॉल. मला त्या माणसाचा राग येत नाही, दिवसाला वीस मिक्सर-ग्राइंडर बघणाऱ्याला गिटारच्या ॲम्पमागची भोकं कशाला लक्षात राहतील? पण अठराशे रुपये म्हणजे भावाच्या एका रात्रीच्या मानधनापेक्षा जास्त.

मी स्पीकरला कान लावला. 'सऽऽ' होतं, अगदी बारीक. गेनचा नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, फरक शून्य. म्हणजे पॉवरचा भाग जागा आहे आणि गिटार ज्यात खोचतात त्या पुढच्या भागातलं त्याच्यापर्यंत काही पोचत नाही. मग मोबाइलवर एक गाणं लावलं, आवाज कमी ठेवला आणि केबलने ते थेट रिटर्नच्या भोकात दिलं. गाणं खणखणीत वाजलं. पॉवरचा भाग निर्दोष सुटला, आयसी आणि अठराशे रुपयांसकट. आता सेंडमधून केबल काढून ती भावाच्या दुसऱ्या छोट्या ॲम्पमध्ये लावली. गिटार तिथे वाजली. म्हणजे पुढचा भागही निर्दोष. दोन्ही खोल्यांत सगळं ठीक, आणि मधला दरवाजा बंद.

एक हातभराची पॅच केबल घेतली, एक टोक सेंडमध्ये, दुसरं रिटर्नमध्ये. भावाने नेमकी तेव्हाच तार छेडली होती. आतल्या खोलीत झोपलेले वडील उठून बाहेर आले.

हे असं का होतं, ते सांगण्यासारखं आहे. रिटर्नच्या जॅकमध्ये पत्र्याची एक छोटी पट्टी असते. त्या भोकात काही खोचलेलं नसेल, तेव्हा ती पट्टी दुसऱ्या एका टोकाला टेकलेली असते आणि सिग्नल सेंडकडून आतल्या आत रिटर्नकडे जातो. पिन खोचली, की पट्टी उचलली जाते, आतला रस्ता तुटतो आणि सिग्नल बाहेरून फिरून यावा अशी सोय होते. जो वादक लूप वापरत नाही, त्याचा सगळा सिग्नल जन्मभर त्या पट्टीच्या टेकण्यावर अवलंबून असतो. आणि ती पट्टी कधी हलतच नाही. पिन ये-जा करत असती, तर घासून घासून आपोआप साफ राहिली असती. आपल्याकडे हिवाळ्यात कपाशीचा बारीक कचरा उडतो, उन्हाळ्यात धूळ, मग चार महिने दमट हवा. पत्र्यावर काळपट थर चढतो. जोराचा सिग्नल तो थर फोडून पलीकडे जाऊ शकतो, हलका नाही. म्हणून असा ॲम्प जायच्या आधी काही आठवडे इशारा देत असतो: हळू वाजवलं की आवाज फिका, जोरात मारलं की 'खट्' करून परत. भावाला विचारलं तर म्हणाला, "हो गं ताई, पण मला वाटायचं तारा जुन्या झाल्या."

इलाज फुकटात जमा. ॲम्प बंद करून रिटर्नमध्ये पिन पंधरा-वीस वेळा खोचा, काढा. एवढ्याने बऱ्याचदा भागतं. नीट करायचं तर इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा भोकात, पुन्हा पिन आत-बाहेर, आणि दहा मिनिटं वाळू द्या. गाडीच्या कुरकुरणाऱ्या बिजागरीला मारतात तो तेलकट स्प्रे इथे नको. तेल मागे राहतं, त्यावर धूळ बसते, आणि पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा माझ्या ओट्यावर. मैदानावर असाल आणि काहीच हाताशी नसेल, तर पॅच केबल सेंड-रिटर्नला लावून कार्यक्रम उरका. भाऊ आता ती केबल ॲम्पच्या हँडललाच बांधून ठेवतो.

हाच प्रकार हेडफोनच्या भोकातही होतो. छोट्या सरावाच्या ॲम्पमध्ये हेडफोन लावला की स्पीकर बंद होतो, तोही अशाच पट्टीने. हेडफोन काढल्यावर ती परत टेकली नाही, की स्पीकर मुका. ओळख सोपी: हेडफोनमध्ये गिटार ऐकू येते, स्पीकरमध्ये नाही.

बँडच्या गाडीची गोष्ट निराळी आहे. ज्यांनी खान्देशी वरात पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं दाबून वाजवायचं तारांचं वाद्य, त्याला गिटारसारखाच पिकअप असतो आणि आवाज ॲम्पमधून भोंग्यांना जातो. सगळं गाडीवर चढवलेलं, शेजारी जनरेटर, आणि खाली आपले रस्ते. पारोळ्याकडचा एक बेंजोवाला आला होता, वयाने माझ्यापेक्षा बराच मोठा, पण मला ताईच म्हणतो. त्याने दोन वाक्यांत केस मांडली: "गाडी खड्डामा आदळनी ना ताई, तव्हयच आवाज गया. मंग पुढला खड्डामा परत ऊना, मंग परत गया." माझे विद्यार्थी एवढी नेमकी तक्रार लिहून देत नाहीत. खड्ड्याने जातो आणि खड्ड्याने येतो, म्हणजे काही जळलेलं नाही, काहीतरी सुटलंय.

अशा वेळी आधी स्पीकरच्या मागच्या थिंबल बघायच्या. दोन तारांची टोकं नुसती खोचलेली असतात, हादऱ्याने सैल होतात, एक निसटली की संपलं. इथे त्या घट्ट होत्या. मग स्पीकरलाच सेल लावून पाहिला. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल, दोन तारा, स्पीकरच्या दोन टोकांना क्षणभर टेकवायच्या, अर्थात ॲम्पपासून स्पीकर सोडवून. कोन 'टप्' करून हलला तर कॉइल शाबूत. मीटरने मोजलं तर ८ ओहमच्या स्पीकरला ६-७ ओहम दिसायला हवेत. काहीच दाखवत नसेल, तर कॉइल गेली किंवा कोनावर येणारी ती विणलेली लवचिक तार तुटली. ही तार प्रत्येक ठोक्याला हलत असते, त्यामुळे तिचं तुटणं नवल नाही. मोजताना कोन बोटांनी हलकेच आत-बाहेर करून पाहावा, म्हणजे अर्धवट तुटलेली असेल तर आकडा उड्या मारतो.

स्पीकरही बरा निघाला. तेव्हा झाकण काढलं, आणि चालू ॲम्पच्या बोर्डावर आइस्क्रीमच्या लाकडी काडीने एकेक जागी हलके ठोके दिले. (ट्रान्झिस्टरचा ॲम्प होता म्हणून, आणि मेनची बाजू कुठली हे मला माहीत होतं म्हणून. ज्याला ते ओळखता येत नाही त्याने काडीही घालू नये.) इनपुटच्या जॅकपाशी ठोका दिला की 'खर्र'. जॅक सरळ बोर्डावर सोल्डर केलेला, त्याला खोचलेली पिन गाडीच्या हादऱ्याने वर्षानुवर्षं हलणार, सगळा ताण त्या तीन टाक्यांवर. भिंगातून पाहिलं तर एका टाक्याभोवती केसाएवढी गोल रेघ. आमच्या भाषेत ड्राय सोल्डर. जुना सोल्डर पंपाने ओढून काढला, नवा घातला. नुसता वरून गरम करून भागवणारे पुष्कळ आहेत, पण तो टाका पुढच्या लग्नसराईपर्यंतच टिकतो.

आता उष्णतेचं. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ वर जातो, आणि दुपारच्या वरातीत ॲम्प उन्हात, पाठ मंडपाच्या कापडाला टेकलेली. अर्धा तास छान वाजतो, मग आवाज बंद. पंधरा-वीस मिनिटांनी काहीच न करता परत येतो. त्यात बिघाड कमी आणि समंजसपणा जास्त. आउटपुटच्या बऱ्याचशा आयसींमध्ये उष्णतेपासून संरक्षण असतं. चिप फार तापली की ती स्वतःला बंद करते, थंड झाली की चालू होते. हीटसिंकवरची (चिपची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्टीवरची) धूळ ब्रशने काढा, पाठीमागे वीतभर मोकळी जागा ठेवा, सावलीत घ्या. एवढं करूनही होत असेल, तर स्पीकरचे ओहम बघा. एका ८ ओहमच्या जागी दोन समांतर जोडले की भार ४ ओहमचा होतो, करंट दुप्पट मागितला जातो, आणि ॲम्प त्यासाठी बनवलेला नसेल तर तापणारच. "आवाज वाढावा म्हणून अजून एक बॉक्स जोडला" हे वाक्य मला लोक अगदी शेवटी, चहा घेताना सांगतात.

पण तापल्यावर बंद पडणारा प्रत्येक ॲम्प संरक्षणामुळे बंद पडत नाही. तडकलेला टाकाही गरम झाल्यावर उघडतो. मी हेअर ड्रायरने एकावेळी एकच कोपरा तापवते. हीटसिंकपासून लांबच्या कोपऱ्याला वारा दिल्यावर आवाज गेला, तर चिपला दोष देऊ नका.

आणि हो, कधी कधी आयसी खरंच उडालेला असतो. छोट्या ॲम्पमध्ये टीडीए २०३० किंवा त्याची भावंडं असतात. स्पीकर काढून, आउटपुटवर डीसी व्होल्ट मोजायचे. काही मिलिव्होल्ट ठीक आहेत. बारा-पंधरा व्होल्ट डीसी दिसत असतील, तर चिप गेलेली आहे, आणि स्पीकर पुन्हा जोडलात तर त्याची कॉइलही घेऊन जाईल. चिप बदलताना तिच्या धातूच्या पाठीमागची अभ्रकाची चकती आणि पेस्ट परत लावा. टीडीए २०३० ची पाठ आतून निगेटिव्ह सप्लायला जोडलेली असते. चकती विसरली आणि हीटसिंक ग्राउंडला असेल, तर चालू करताच शॉर्ट. 'नवा आयसी टाकला तोही उडाला' या तक्रारीमागे मला ही चकती बऱ्याचदा सापडली आहे.

लाइट लागलाय म्हणजे सप्लाय आहे, हाही एक गैरसमज. पुढच्या भागातल्या ४५५८ किंवा टीएल ०७२ सारख्या चिपांना बहुतेक वेळा अधिक १५ आणि उणे १५ असे दोन व्होल्टेज लागतात, आणि लाइट त्यातल्या एकावरच जळत असू शकतो. उणे १५ देणारा ७९१५ मेला तर लाइट लागतो आणि आवाज जातो, किंवा फाटका येतो. दोन्ही मोजा.

लाइटच लागत नसेल तर विषय फ्यूजचा, आणि त्यावर मी फार बोलणार नाही, फक्त भांडणार आहे. काचेचा फ्यूज डोळ्याने बघून 'चांगला आहे' म्हणू नका, टोपीच्या आत तुटलेली तार दिसत नाही, मीटर लावा. टोपीवर इंग्रजी 'टी' असेल तर तो हळू उडणारा आहे, त्या जागी झटकन उडणारा घातलात तर चालू करताक्षणी जाईल. आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदी फ्यूजला गुंडाळणाऱ्यांनो, तुमच्या मंडपाला कापडच असतं ना? खेड्यात जनरेटरवर किंवा तात्पुरत्या जोडणीवर न्यूट्रल सुटली, तर २३० च्या जागी ४०० पर्यंत व्होल्ट येऊ शकतात. तेव्हा त्या काचेच्या नळीचा जीव जाणं हेच तिचं काम आहे.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडणाऱ्या ॲम्पसाठी माझ्याकडे सिरीज बोर्ड आहे: १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब, ॲम्पच्या वाटेत जोडलेला. चालू केल्यावर बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. ढणढण जळत राहिला तर आत शॉर्ट आहे, आणि बल्बने तो झेलला. एलईडीचा बल्ब इथे चालत नाही. तारेचे बल्ब आता दुर्मीळ झालेत, मी खोक्यात जपून ठेवते आणि आई ते 'देवघरात लाव ना एखादा' म्हणून मागत असते.

भुसावळला रेल्वेतून निवृत्त झालेले एक अंकल आहेत. त्यांच्याकडे व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर चालणारा ॲम्प आहे, तरुणपणी घेतलेला. व्हॉल्व्ह लालसर चमकत होते आणि आवाज नव्हता. हा ॲम्प मी एकटीने उघडला नाही, आणि तुम्हीही उघडू नका. आत ३५० व्होल्टच्या आसपास डीसी, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते धरून बसतात. पाच वॅटच्या, १० हजार ओहमच्या रेझिस्टरने, इन्सुलेटेड क्लिप लावून, आधी ते रिकामे करायचे, मग मीटर लावून खरंच शून्याजवळ आले का ते बघायचं, आणि एक हात कायम मागे ठेवायचा. अंकल खुर्ची ओढून बसले होते. म्हणाले, "बेटा, चमकतो तर आहे, मग वाजत का नाही?" व्हॉल्व्ह चमकतात ते ६.३ व्होल्टच्या हीटरवर. वाजवणारा उच्चदाबाचा सप्लाय वेगळा, आणि या ॲम्पमध्ये त्याचा फ्यूजही वेगळा, आतल्या बाजूला. तो उडालेला. नवा घातला, तोही गेला. आउटपुटचे दोन्ही ईएल ८४ व्हॉल्व्ह काढून ठेवले आणि पुन्हा फ्यूज घातला: टिकला. म्हणजे दोष व्हॉल्व्हचा, ट्रान्सफॉर्मर वाचलाय. जोडी मागवावी लागली.

तोवर अंकलनी घरी स्पीकरची तार काढून 'व्हॉल्व्ह आले की नुसतं चालू करून बघतो' असा बेत केला होता. त्यांना जवळजवळ दरडावलंच. व्हॉल्व्हचा ॲम्प स्पीकरशिवाय वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये इतका दाब चढतो, की इन्सुलेशन फुटू शकतं, आणि तो ट्रान्सफॉर्मर हा सगळ्यात महाग आणि न मिळणारा भाग. ट्रान्झिस्टरच्या ॲम्पचं उलटं: त्याला स्पीकर नसला तरी चालतं, पण स्पीकरच्या तारा एकमेकींना लागल्या तर चालत नाही. मी हे वर्गात फळ्यावर लिहिते आणि पोरं परीक्षेत उलटं लिहितात.

अंकलना गप्पांची आवड. इलेक्ट्रिक गिटारच्या दुनियेत सगळ्यात मोठं नाव झालेला लिओ फेंडर आधी रेडिओ दुरुस्त करायचा, १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला त्याने रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं, आणि त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, हे मी सांगितलं तेव्हा ते माझ्याकडे आणि माझ्या सोल्डरिंग गनकडे बघून म्हणाले, "मग तुला शिकायची काय गरज." भावाला हे अजिबात आवडलं नाही. तो मला तीन कॉर्ड शिकवायच्या मागे लागलाय.

शेवटचं, दुरुस्तीला देणाऱ्यांसाठी. माझ्याकडे द्या, की बाजारात द्या, ॲम्पला एक चिठ्ठी चिकटवा. लाइट लागतो का, 'सऽऽ' येतो का, रिटर्नमध्ये मोबाइल लावल्यावर वाजला का, सेल लावल्यावर कोन हलला का, तापल्यावर गेला की आदळल्यावर. एवढ्या पाच ओळी असल्या, की समोरचा माणूस 'आयसी उडाला' म्हणायच्या आधी एकदा थांबतो, आणि मजुरीवर घासाघीस करायला तुमच्याकडेही काहीतरी असतं. काल ओट्यावर आलेल्या ॲम्पवर चिठ्ठी होती, मोठ्या अक्षरांत: "आवाज नाही. गुरुवारी लग्न आहे." मागच्या बाजूला सेंड आणि रिटर्नच्या भोकांवर कोणीतरी व्यवस्थित चिकटपट्टी लावून ठेवली होती, धूळ जाऊ नये म्हणून. आज संध्याकाळी ती सोलून बघते.